एका श्वासात किती शब्द

परभणीकडे बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यापासून मला बरेच जण विचारतात. खरं उत्तर दिलं की हसतात. मी मेंढ्यांच्या लेंड्या बघितल्या. ओल्या आहेत की सुक्या, कालच्या आहेत की परवाच्या, हे बघत बघत बोरीपासून सोनपेठपर्यंत गेले. हसू येणं साहजिक आहे. पण त्या लेंड्यांच्या पुढे कुठेतरी एक बाई चालत होती आणि तिला दम लागत होता.

मी मूळची देवरूखची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, तीही शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी प्रवेशाचा अर्ज स्वतः आणून हातात ठेवला म्हणून. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि आता पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक आहे. वडील अजून गिऱ्हाइकांना सांगतात की मुलगी जंतूंच्या ऑफिसात असते.

आमचं काम श्वासाच्या विषाणूंवर चालतं. कोरोना आता बातम्यांत नसतो, पण गेलेला नाही. थंडीत कुणाला ना कुणाला गाठतो. हा विषाणू नाकातल्या आणि फुप्फुसातल्या पेशींवरच्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतो आणि तिथून आत शिरतो. त्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. ते काही विषाणूच्या सोयीसाठी बसवलेलं नसतं. शरीरातला दाह आवाक्यात ठेवायला मदत करणं हे त्याचं एक रोजचं काम; विषाणू येऊन बसला की ते कामही ढिलं पडत असावं, असं मानतात. मग शरीराची फौज धावून येते, ताप चढतो, अंग दुखतं. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. काहींच्या बाबतीत मात्र विषाणू ओसरतो आणि फौज थांबत नाही. तेव्हा माणूस स्वतःच्याच दाहाने गुदमरतो. हे कुणाच्या शरीरात का होतं ते समजावं म्हणून आम्ही एकाच रुग्णाचे दोन नमुने घेतो, एक तापात आणि दुसरा चौदाव्या दिवशी. नाकात एक काडी फिरवायची आणि हातातून थोडं रक्त काढायचं.

गयाबाई अशाच एक रुग्ण. मेंढपाळ कुटुंबातल्या, पन्नाशीच्या. बोरीजवळच्या एका शेतात त्यांची पालं पडली होती तेव्हा त्यांना ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी मी पहिला नमुना घेतला. त्यांच्या नवऱ्याला, लिंबाजीला, मी फॉर्मवरचे प्रश्न विचारले. डॉक्टरकडे गेला होतात का? नाही. गोळ्या दिल्या का? नाही. मी दोन्ही ठिकाणी खूण केली. पालाच्या खांबाला मेंढरांच्या औषधांची एक कापडी पिशवी टांगलेली होती, तिच्यातून सुई डोकावत होती. मला ते इतकं आवडलं की मी फोटो काढला.

पुण्यात तपासणीत निघालं ते विचित्रच होतं. विषाणू भरपूर आणि रक्तात दाहाच्या खुणा जवळजवळ नाहीत. आमच्या मॅडम, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, त्या स्वतः डॉक्टर आहेत, खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसल्या. या बाईच्या पेशींत काही वेगळं असेल का? रिसेप्टरच वेगळा असेल का? मी मनातल्या मनात शोधनिबंधावर माझं नाव कुठे येईल तेही बघून ठेवलं. आणि दुसऱ्या नमुन्यासाठी थंड पेटी घेऊन निघाले.

बोरी

बोरीला मला उतरवून घ्यायला सुरेखाताई आल्या होत्या. त्या तिथल्या आशा कार्यकर्त्या. उंच, चालायला वेगवान, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणाऱ्या.

"म्याडम, ते तर उठले की. धा दिस झाले."

"उठले म्हणजे?"

"म्हंजी गेले. मेंढरं एका जागी बसत असत्यात व्हय?"

हे मला नवीन होतं. आमच्या कोकणात मेंढ्या नाहीत. जनावरं सकाळी सुटतात आणि संध्याकाळी त्याच गोठ्यात येतात. इथे पिकं निघाली की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो आणि मेंढरं आपल्या रानात दोन-तीन रात्री बसवून घेतो. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरलं की तेच खत. त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळतं. तेवढ्या रात्री झाल्या की पुढचं शेत, पुढचं गाव. गयाबाई अंगात ताप असताना बोरीतून निघाल्या होत्या.

"काल लिंबाजीचा फोन आल्ता," सुरेखाताई म्हणाल्या. "ताप न्हाई म्हनं, भाकर खायलीय, चालायलीय. फकस्त दम लागायलाय."

"गयाबाई स्वतः बोलल्या का?"

"बोलली की. 'बरी हाय... माय... मी.' येवढ्याला दोनदा थांबली."

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज बदलला. ताप उतरल्यावर आठवड्याने दम लागणं चांगलं लक्षण नाही, त्या म्हणाल्या. "नमुन्याचं राहू दे. आधी तिला शोध, बोटाला ऑक्सिमीटर लाव. आणि एका श्वासात किती शब्द बोलते ते मोज."

लिंबाजीचा फोन बंद होता. गावातून जाताना कुणाच्या ओट्यावर चार्जिंगला लावता आला तरच तो चालू असतो. मानवतच्या बाजूला आहोत असं तो काल म्हणाला होता, एवढंच हाताशी होतं. सुरेखाताईंनी घरात जाऊन धपाट्यांचं गाठोडं आणलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"तुम्ही येताय?"

"मग? तुमाला ओल्या-सुक्यातलं काय कळतंय?"

परभणीपर्यंत एक एसटी, तिथून मानवतची दुसरी. थंड पेटी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. कंडक्टरने पेटीकडे संशयाने पाहिलं.

"म्याडम, ह्यात काय हाय? वास मारंल असलं काय ठिवू नगा गाडीत."

"कोकणातल्या हायत त्या," सुरेखाताई म्हणाल्या. "मासळी हाय."

पुढच्या बाकावरच्या आजीने पदर नाकाला लावला. पाथरीच्या बाजारला निघालेला एक माणूस मागे वळून, कोणती मासळी, किलोचा काय भाव, असं गंभीरपणे विचारू लागला. एरवी मी हसले असते. पण मला बसवत नव्हतं. खिडकीबाहेर सपाट काळं रान, डोंगराचा पत्ता नाही, नजर अडवायला काही नाही. घरी आम्हाला वळणापलीकडचं दिसत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. इथे मला क्षितिजापर्यंत दिसत होतं, आणि कुठेही पांढरा-काळा कळप दिसला की मी उभी राहत होते. दोनदा त्या शेळ्या निघाल्या. एकदा नुसते काळे दगड.

मानवत

मानवतला कापसाचा हंगाम संपत आला होता. जाळी बांधलेल्या ट्रॅक्टरांतून कापूस उडून रस्त्याकडेच्या बाभळींना लागला होता, झाडांना पांढरी बोंडं आल्यासारखी. मला वाटलं आधी गावाबाहेरची शेतं बघावीत. सुरेखाताई मात्र सरळ बाजारात शिरल्या आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानापाशी थांबल्या.

"मेंढरंवाला गावात आला की दोनच ठिकाणी जातो. एक पिठाची गिरणी, अन् हे."

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसला होता. लिंबाजीला तो ओळखत होता.

"परवा आल्ता. जंताचं औषध नेलं अन् एक डेक्साची बाटली."

"डेक्सा कशाला?" मी विचारलं.

"सूज आली, जनावर लंगडायलं, की देत्यात. समदेच नेत्यात." त्याने कपाटातून तसली एक बाटली काढून काचेवर ठेवली. "पन त्यानं मागची बाटली पौषातच नेल्ती. येवढ्या लवकर संपत नसती. येवढी मेंढरं सुजली असती तर माझ्या कानावर आलं असतं."

मी लेबल वाचलं. स्टिरॉइड. महामारीच्या काळात दवाखान्यांतून दिलं जायचं तेच नाव, फक्त कोपऱ्यात बैलाचं चित्र.

आमचा आलेख माझ्या डोळ्यांसमोर आला. विषाणू भरपूर, दाह नाही. आणि खांबाला टांगलेली ती पिशवी, सुई डोकावणारी, माझ्याच फोनमधल्या फोटोत. गयाबाईंच्या रिसेप्टरमध्ये काहीही वेगळं नव्हतं. त्यांच्या रक्तात मेंढ्यांचं औषध होतं. त्याने दाह दाबून टाकला, ताप उतरवला, आणि विषाणूला आत मोकळं रान मिळालं.

मी हे सुरेखाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी त्याला काय इचारलं व्हतं?"

"डॉक्टरकडे गेलात का. गोळ्या दिल्यात का."

"मग खरंच सांगितलं की त्यानं. सुई कुटं इचारली तुमी?"

दुकानदाराने खुणेने दाखवलेल्या रस्त्याने आम्ही दुपारभर फिरलो. पाथरीच्या वाटेवर एका कापूस उपटलेल्या रानात सुरेखाताई थांबल्या, वाकल्या, एक लेंडी अंगठ्याने फोडली.

"वरून वाळलीय, आत ओली हाय. काल सकाळी उठलेत."

जमिनीत ओळीने खुंट्यांची भोकं होती. मेंढपाळ मेंढरांभोवती जाळीचं कुंपण लावतात, त्याला वाघूर म्हणतात. त्याच्या खुंट्यांची ती भोकं. मी उगाचच त्या चौकोनाला एक फेरी मारली. शेतमालक बांधावर आला. हो, लिंबाजीच होता. कुठे गेला?

"गंगंकडं."

मला क्षणभर काहीच समजेना. इथे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात, हे सुरेखाताईंनी सांगितलं.

"अन् बाई कशी व्हती?" त्यांनी विचारलं.

"घोड्यावर बसवून नेली तिला," शेतकरी म्हणाला. "मेंढरंवाल्याची बाई घोड्यावर बसली म्हंजी बघा. सामान लादायचं असतंय ते."

आम्ही तशाच निघणार होतो. पण नदीकाठी सोनपेठच्या बाजूला जाणारी गाडी सकाळशिवाय नव्हती, आणि मधल्या पन्नास वाटांपैकी कोणत्या वाटेवर शोधायचं हेही कळत नव्हतं. मानवतला सुरेखाताईंची बहीण राहते, तिच्याकडे मुक्काम केला. तिने येसराची आमटी केली होती. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ, वरून करडईच्या तेलाची धार, चुरलेली ज्वारीची भाकरी. आमच्याकडे आमटी म्हटलं की नारळ आला. इथे सगळं भाजणीवर. एरवी मी कृती लिहून घेतली असती. त्या दिवशी मी जेवताना चार वेळा लिंबाजीचा नंबर लावला. "जेवा की, बाई," बहीण म्हणाली. "फोन काय भाकरीत मोडून खाता?"

सोनपेठ

सकाळच्या गाडीत बाजारची गर्दी होती, कोंबड्यांच्या टोपल्या, हरभऱ्याच्या जुड्या. सोनपेठला उतरले तेव्हा पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. स्टँडबाहेरच्या रसवंतीवाल्याकडे बर्फ मागितला.

"कशाला पायजे?"

"रक्त ठेवायचं आहे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. लादीतला मोठा तुकडा फोडून पोत्यात गुंडाळून दिला, आणि न विचारता उसाच्या रसाचे दोन पेले पुढे केले. "प्या. लय चालून आल्यावानी दिसताय." मेंढरं त्याने सकाळी बघितली होती. नदीच्या अंगाला, गाळाच्या मळीच्या रानात.

रिक्षा बांधापर्यंत गेली, पुढे चालत. हरभरा काढलेलं रान, पलीकडे नदीची झाडी, आणि मधोमध वाघूर. तीन कुत्री आमच्या दिशेने सुटली. मी पुढे पाऊल टाकणार, तेवढ्यात सुरेखाताईंनी माझा दंड धरला.

"हितंच थांबा. मालक हाक मारस्तवर हलायचं न्हाई."

थांबणं तेव्हा फार जड गेलं. शेवटी लिंबाजीने शीळ घातली आणि कुत्री मागे फिरली.

गयाबाई पालाच्या सावलीत दोन्ही तळवे जमिनीला टेकून, पुढे वाकून बसल्या होत्या. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली.

"चहा... टाक गं," त्या सुनेला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "उनाचं... आलीस."

एका श्वासात एक शब्द, फार तर दोन. मोजायला वेळ लागला नाही. ऑक्सिमीटर लावला तर आकडाच उमटेना. बोटं गार आणि कातडं जाड. मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत बसले. मग आकडा आला. शहाऐंशी.

मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि लिंबाजीकडे वळले. सुई दिली होती का? तो लपवायच्या भानगडीत पडला नाही.

"दिली की. तीन दिस. ताप उतरला का न्हाई? दुसऱ्या दिशी भाकर मागून खाल्ली तिनं." त्याने पिशवीतून बाटली काढली. "आमच्या थोरल्या भावाला त्या साथीत परभणीच्या दवाखान्यात हेच टोचत व्हते. म्या सातवी शिकलोय, डबी वाचली व्हती. वाचला त्यो. आज हिला परत द्यायची व्हती, ही नवी आनलीय त्याच्यासाठीच."

तो चुकीचं काय बोलत होता, हे मला लगेच सांगता येईना. नाव तेच होतं. भाऊ खरंच वाचला होता. मी पेशी, प्रथिनं असं काहीतरी सुरू केलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता पण ऐकत नव्हता. तेव्हा सुरेखाताई मधे बोलल्या.

"लिंबाजीदादा, लांडगा वाघुरीत कुटून शिरतो?"

"गाठ ढिली असंल तिथून."

"तसंच हाय ते. बिमारी म्हंजी लांडगा. नाकातून आला, अंगात ढिली गाठ घावली, आत शिरला."

"अन् ताप?"

"ताप म्हणजे कुत्री," मी म्हटलं. "ती धावतात, भुंकतात, सगळं रान उठवतात."

लिंबाजीने बाटली हातात फिरवली. बराच वेळ बैलाच्या चित्राकडे बघितलं.

"म्हंजी लांडगा आत व्हता, अन् म्या कुत्री बांधून टाकली."

मी मान हलवली.

"गप झाली, म्हनून मला वाटलं, गेला लांडगा."

मग त्याने हळू आवाजात विचारलं, "आन आता?"

"आता कुत्री सुटलीत. लांडगा कदाचित गेलाही असेल. पण ती थांबत नाहीत, मेंढरांनाच चावतायत."

"असलं कुत्रं बघितलंय म्या," तो म्हणाला. "त्याला मानसानं धरावं लागतंय. हाका मारून भागत न्हाई." आणि तो उठून घोड्यावरचं घोंगडं काढायला गेला. मला वाटलं प्रश्न सुटला.

पण गयाबाई हलेनात.

"दोन मेंढ्या... व्यायला... झाल्यात."

"सून हाय की," लिंबाजी म्हणाला.

"पैल्या... खेपंच्या... हायत."

लिंबाजीने सांगून पाहिलं, सुनेने पाय धरले. त्या जमिनीकडे बघत नकारार्थी मान हलवत राहिल्या. ओठ निळसर दिसत होते. तेव्हा सुरेखाताई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "गयाबाई, ही पोरगी लय लांबून आलीय. तू न्हाई आलीस तर हिची नोकरी जाईल. गरिबाची हाय. बाप सायकली दुरुस्त करतो हिचा."

यातलं नोकरीचं खोटं होतं. मी तोंड उघडलं आणि सुरेखाताईंनी माझ्या पायावर पाय दिला.

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या.

"लेकराची... नोकरी," एवढंच म्हणाल्या.

शेतमालकाने पिकअप आणली, तिच्यात घोंगडं अंथरून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. रुग्णवाहिका यायला वेळ लागला. त्या वेळात मी किती वेळा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले ते सुरेखाताई अजून नक्कल करून दाखवतात. नळी नाकाला लागली आणि आकडा एक्क्याण्णववर गेला, तेव्हा मला आठवलं की बर्फाची पेटी पिकअपमध्येच राहिली.

परभणी

दिवस मावळायच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. मी सगळं सांगितलं, सुईसकट, तारखांसकट. त्यांनी लिहून घेतलं, साखर तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला पांढरट ढग होते.

सकाळी वॉर्डात गेले तर लिंबाजी कॉटशेजारी उभा होता. सलाईनमध्ये औषध सोडून नर्स नुकतीच गेली होती आणि त्याच्या हातात रिकामी कुपी होती. त्याने ती माझ्यापुढे धरली.

"ह्येच की."

"तेच आहे."

"मंग?"

"हे माणसाचं आहे, मोजून दिलेलं. आणि वेळ आता आली. त्या दिवशी आली नव्हती. सगळ्यांना ती येतही नाही."

त्याने कुपी उजेडात धरून बघितली. "वेळ कवा आली, ते कसं वळखायचं?"

"तुम्ही नाही ओळखायचं. बोटाचं यंत्र बघून, फोटो बघून डॉक्टर ठरवतात. त्यांनाही कधी कधी अवघड जातं."

हे शेवटचं त्याला पटलं असावं. त्याने खिशातून ती बैलाचं चित्र असलेली बाटली काढली आणि नमुन्यांवर लिहायचं माझं पेन मागितलं. बाटलीवर मोठ्या, सावकाश अक्षरात त्याने स्वतःच लिहिलं: मेंढरांचं.

मॅडमचा फोन आला होता. गयाबाईंचं नाव अभ्यासातून काढावं लागेल; औषध दिलेलं असल्यामुळे त्यांचे आकडे बाकीच्यांत धरता येणार नाहीत. मी हो म्हटलं. पण गयाबाईंनी मला बघितलं आणि बाही वर सरकवली.

"घे... रक्त घे की. त्याच्यासाठीच... आलीस ना."

आता त्याची गरज नाही, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"मंग वाया... गेलं व्हय माझं?"

उत्तर मला एसटीत बसल्यावर सुचलं. आमच्या फॉर्मवर आता एक प्रश्न वाढला आहे: घरात जनावरांची औषधं असतात का, त्यातलं काही माणसाला दिलं का? दुसऱ्या गावांत तो विचारायला लागल्यापासून काही जण हो म्हणाले आहेत. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

परतून तीन आठवडे झाले तेव्हा एका दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला. लिंबाजीचा नंबर. मागे मेंढ्यांचा गलका होता. "हिला बोलायचंय," तो म्हणाला, आणि मी सवयीने श्वास धरून शब्द मोजायला लागले.

"हॅलो पोरी मी गया बोलायलेय ती सुरेखा लबाड हाय म्हनं तुझी नोकरी जानारच नव्हती मला कळलंय समदं अन् त्या दोनी मेंढ्या व्यायल्या एकीला जुळं झालं अन् तुझं ते रक्ताचं खोकं त्या मालकाच्या पिकअपात हाय त्याची बायको त्यात दही लावायलीय ते घिऊन जा अन् बापाला सांग आमच्या सुनेची सायकल पंक्चर हाय..."

वीसच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं. सायकलीपाशी त्यांनी एकदा श्वास घेतला, आणि पुढे चालू झाल्या.